अमेरिकेत अणुबॉम्बचे गाभे पुन्हा ओतायचं चाललंय, आणि आपलं देशनूर

टिळकवाडी_वाचक (धागाकर्ता)

मंडळी, अमेरिकेत 'पिट'वरून जो वाद चाललाय तो इथं कुणी वाचतंय का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिट म्हणजे अण्वस्त्राच्या पहिल्या टप्प्याचा गाभा, प्लुटोनियमचा पोकळ गोळा. भोवतीचं स्फोटक उडालं की तो आत दाबला जातो आणि पुढचं सगळं घडतं. शीतयुद्धात हे गोळे डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यात बनायचे, वर्षाला हजाराच्या वर. १९५२ ला सुरू झालेलं काम १९८९ ला बंद पडलं, कारण त्या जूनमध्ये एफबीआयनं तिथं धाड घातली. सरकारच्याच अण्वस्त्र कारखान्यावर सरकारच्याच पोलिसांची धाड, तीही प्रदूषणासाठी! कारखाना चालवणाऱ्या रॉकवेल कंपनीनं १९९२ ला गुन्हा कबूल करून १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरला.

त्यानंतर मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालंच नाही. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत थोडेफार बनले, २००७ सालात ११, आणि तोच तिथला उच्चांक. आता कायदा म्हणतो २०३० पासून वर्षाला किमान ८० पाहिजेत. ३० लॉस अलामोसला (न्यू मेक्सिको) आणि ५० सव्हाना रिव्हरला (साउथ कॅरोलायना). २०३० ची मुदत गाठता येणार नाही हे त्यांच्या अण्वस्त्र खात्यानं स्वतःच सांगून टाकलंय. नव्या मालिकेतल्या पहिल्या पिटवर पसंतीचा शिक्का बसला १ ऑक्टोबर २०२४ ला.

माझा प्रश्न साधा आहे. जेसन नावाचा तिथल्या शास्त्रज्ञांचा सल्लागार गट आहे. २००६ ला त्यांनी सांगितलं की बहुतेक जुने पिट किमान १०० वर्षं टिकतील. सगळ्यात जुनेसुद्धा आता पन्नाशीच्या आसपास. मग नवे कशाला?

हा धागा इथं काढायचं कारण म्हणजे आपल्या बेळगावात ओतकाम कळणारे लोक पोत्यानं आहेत, एका बाजूला कैगाचं अणुवीजकेंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला युरेनियम सापडलेलं देशनूर. देशनूरचं खाली बोलूच.

---

शहापूर_पेठ

अमेरिकेनं ८० करू देत नाहीतर ८००, आपल्या नळाला पाणी कधी येतंय ते सांगा की ओ. राकसकोप भरलंय म्हणतात, खरं आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी.

---

टिळकवाडी_वाचक

पेठवाले, पाण्याचा धागा वेगळा आहे, तिथं तुमचेच सतरा प्रतिसाद बघितलेत. :)

---

उद्यमबाग_ओतारी

टिळकवाडीकर, तुम्ही ओतकामाचं नाव काढलंय म्हणून लिहूलालोय. नाहीतर मी नुसता वाचक.

कास्ट आयर्नला पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, करताना धातू थंड होऊन आकसतोय म्हणून आम्ही तो साधारण एक टक्का मोठा धरतो. पोरगं शिकावू असलं तरी तेवढं त्याला ठाऊक असतंय. आता प्लुटोनियम बगा. घन असतानाच त्याची सहा रूपं. तापवत न्या, एकातून दुसऱ्यात जातंय, आणि प्रत्येक वेळी आकार बदलतोय. साध्या तापमानाला घनता १९.८, काचेसारखं ठिसूळ. ३१० अंशाच्या वर गेलं की डेल्टा रूप, घनता १५.९, मऊ, ॲल्युमिनियमसारखं मशीनवर चालतंय. म्हणजे आकारमानात पावपट फरक! ६४० च्या आसपास वितळतंय, आणि वितळताना फुगायच्या ऐवजी आकसतंय. असलं कास्टिंग कुणी आमच्याकडं आणलं तर आम्ही चहा पाजून परत पाठवू. त्यात थोडं गॅलियम मिसळतात म्हणून ते डेल्टा रूपात गप्प बसतंय, नाहीतर थंड होताना तडकलंच म्हणून समजा.

आणि चिप्स. आपल्याकडं लेथखाली चिप्स पडतात, पोरगं संध्याकाळी फावड्यानं भरून भंगारात टाकतंय. प्लुटोनियमचा बारीक चुरा हवेत आपोआप पेटतोय. म्हणून सगळं काम काचेच्या बंद पेटीत, रबरी हातमोजे घालून. रॉकी फ्लॅट्सला दोन मोठ्या आगी लागल्या, १९५७ आणि १९६९ ला. दोन्ही वेळेला पेटीत पडून राहिलेल्या शिल्लक मालातनंच सुरुवात. बॉम्ब फुटला नाही, लढाई झाली नाही, नुसतं हाउसकीपिंग. १९५७ ला धुरानं फिल्टरही जाळलं आणि माल बाहेरच्या हवेत गेला.

खरं मी नव्या उत्पादनाच्या विरोधात नाही. सांगतो का ते. एखादा पॅटर्न वीस वर्षं रॅकवर पडला आणि मग ऑर्डर आली, तर पहिला लॉट रिजेक्ट. ड्रॉइंग तेच, मिश्रण तेच, खरं जो माणूस हाताला वाळू लागली की ओल ओळखायचा तो रिटायर झालेला असतोय. अमेरिकेचंही झालं. फॉगबँक म्हणून एक गुप्त पदार्थ, डब्ल्यू ७६ वॉरहेडसाठी (क्षेपणास्त्राच्या टोकावरचं अण्वस्त्र) लागायचा. कारखाना पाडला, माणसं गेली, कागद अपुरे. पुन्हा करायला घेतला तर जमेना. शेवटी कळलं काय, तर जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी होती, तिच्यामुळंच तो पदार्थ नीट व्हायचा. नवी माणसं माल जास्तच स्वच्छ करूलालते! हे वाचून मी दोन दिवस हसत होतो.

त्यामुळं जुने पिट टिकतात हे बरोबर असलं तरी हात टिकत नाहीत. थोडं थोडं चालू ठेवावं लागतंय.

---

मराठा_पेन्शनर

ओतारीसाहेबांशी पूर्ण सहमत. मी मराठा रेजिमेंटच्या सेंटरमधून भरती झालो, सियाचीनपर्यंत जाऊन आलो, म्हणून दोन शब्द.

सिप्री या शस्त्रांचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या अंदाजाप्रमाणं चीनकडे सुमारे ६०० अण्वस्त्रं, आपल्याकडे १८०, पाकिस्तानकडे १७०. चीनचा आकडा दरवर्षी वाढतोय. समोरचा वाढवत असताना तुम्ही कारखानाच बंद ठेवायचा आणि जुन्या मालावर भरवसा ठेवायचा, हे कुठला सेनापती मान्य करेल? आपलं धोरण पहिला वार न करण्याचं आहे, २००३ च्या जानेवारीत सरकारनं ते लेखी मांडलं. पण पहिला वार न करणाऱ्याला तर जास्तच खात्री लागते, की मार खाऊन झाल्यावर आपलं हत्यार चालेल.

ज्यांनी कधी बर्फात रात्र काढली नाही त्यांनी 'नवे कशाला' विचारू नये.

---

खानापूरची_बाई

पेन्शनर काका, बर्फाचा आदर आहे, पण प्रश्न विचारायला बर्फाची अट कशाला? मी भौतिकशास्त्र शिकवते, मला पगारच पोरांच्या 'कशाला'चा मिळतो.

धागाकर्त्यांनी जेसनचा अर्धाच भाग सांगितलाय. त्याच गटानं २०१९ ला पुन्हा एक पत्र दिलं. जुनं होणाऱ्या प्लुटोनियमचा अभ्यास पुरेसा झालेला नाही, तो जोरानं करा, आणि पिट बनवायची क्षमता लवकर उभी करा, असं त्यात होतं. म्हणजे नुसतं '१०० वर्षं टिकतात' एवढ्यावर थांबता येत नाही. प्लुटोनियम २३९ चं अर्धआयुष्य २४,१०० वर्षं, तेव्हा पन्नास वर्षांत किरणोत्सार फारसा घटत नाही. काळजी वेगळी आहे. प्रत्येक विघटनात हीलियमचा अणू आत अडकतो आणि शेजारचे अणू जागचे हलतात. धातू आतून हळूहळू बदलत राहतो. किती बदलला की निकामी, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

पण काका, दुसरी बाजूही बघा. टेक्सासात अमारिलोजवळ पँटेक्स आहे. तिथं मोडीत काढलेल्या अण्वस्त्रांचे हजारो पिट कोठारात पडून आहेत. आणि नव्या मालिकेतला पहिला पिट कशासाठी? जुना बदलायला नाही. डब्ल्यू ८७-१ या नव्या वॉरहेडसाठी, जो सेंटिनल या नव्या क्षेपणास्त्रावर बसायचाय. म्हणजे 'जुनं झालं म्हणून बदलतोय' हे कारण पुढं केलं जातं आणि माल जातो नव्या ऑर्डरीला. ओतारी दादांचा 'हात टिकवायचा' मुद्दा मला पटतो, पण हात टिकवायला वर्षाला दहा पुरतात की ऐंशी लागतात? हा आकडा कुठून आला, यावरच तिथं खरी भांडणं आहेत.

---

उद्यमबाग_ओतारी

बाई, दहात हात टिकतोय. ऐंशीला दुसरी शिफ्ट लागते. आणि दुसरी शिफ्ट आली की अपघात आलेच, हे मी पुस्तकातनं सांगत नाही.

---

मराठा_पेन्शनर

बाई, तुमचं वाचलं. नव्या क्षेपणास्त्रावर नवं वॉरहेड बसवलं तर त्यात लपवण्यासारखं काय? जुनी तोफ आणि नवा गोळा कुणी वापरत नाही.

---

खानापूरची_बाई

लपवलं असं मी म्हटलेलं नाही. खर्च मागताना एक कारण आणि वापरताना दुसरं, एवढंच.

दुसऱ्या शिफ्टवरून आठवलं. लॉस अलामोसला २०११ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ठाऊक आहे? प्लुटोनियमच्या आठ कांड्या नीट जमल्या, आणि तंत्रज्ञांनी फोटोसाठी त्या एकमेकींना चिकटून मांडल्या. चांगलं काम झालं की फोटो काढणारच ना माणूस! पण प्लुटोनियम ठरावीक प्रमाणापेक्षा जवळ आलं की साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते, आणि जवळ उभ्या माणसाच्या हाताच्या मांसातल्या पाण्यानंसुद्धा ती शक्यता वाढते. सुदैवानं काही झालं नाही. पण त्या प्रकारानंतर सुरक्षेच्या जाणकारांनी नोकऱ्या सोडल्या आणि २०१३ ला तिथलं मुख्य काम थांबवावं लागलं, ते पूर्ववत व्हायला वर्षं गेली. आज तीच इमारत ३० पिटचं ओझं घेणार आहे.

---

निपाणी_९१

कचऱ्याचं काय करतात? तंबाखूची धूळ सुद्धा आमच्याकडं गावाला पुरून उरते.

---

टिळकवाडी_वाचक

चांगला प्रश्न. न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅडजवळ जमिनीखाली मिठाच्या थरात खोल खोल्या खणल्यात, पिंपं तिथं नेतात. २०१४ च्या फेब्रुवारीत लॉस अलामोसहून गेलेलं एक पिंप खाली फुटलं. कारण ऐकून थक्क व्हाल. पिंपातला द्रव शोषायला मांजरांच्या शौचासाठी मिळणारी माती वापरायचे, ती खनिज असायची. कुणीतरी गव्हापासून बनलेली सेंद्रिय माती आणली. तिची आणि आतल्या नायट्रेटची रासायनिक क्रिया झाली, पिंप तापलं आणि झाकण उडालं. जवळजवळ तीन वर्षं ती जागा बंद. एका शब्दाचा फरक झाला आणि अशा कचऱ्याचं देशाचं एकमेव कोठार बंद पडलं.

नवे पिट म्हणजे नवी पिंपं. तीही तिथंच.

---

शहापूर_पेठ

सेंद्रिय पाहिजे म्हणणाऱ्यांनी हे वाचा. 😀

---

कोर्ट_कॅम्प

वकील आहे, म्हणून माझा रस वेगळ्या ठिकाणी. इथं कोर्टाचा विषय कुणीच काढला नाही याचं आश्चर्य वाटलं.

सव्हाना रिव्हरजवळचे, न्यू मेक्सिकोतले आणि कॅलिफोर्नियातले नागरिक गट, आणि त्यांच्याबरोबर किनाऱ्यावरच्या गल्ला-गीची समाजाची संघटना, यांनी अण्वस्त्र खात्याला कोर्टात खेचलं. गल्ला-गीची म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज. त्यांचं म्हणणं असं होतं की पर्यावरणाच्या १९७० पासूनच्या कायद्याप्रमाणं दोन ठिकाणी उत्पादन करण्याचा निर्णय एकत्र तपासायला हवा होता, पर्याय मांडायला हवे होते. खात्यानं प्रत्येक जागेचा कागद वेगळा केला. ३० सप्टेंबर २०२४ ला न्यायाधीश मेरी गायगर लुईस यांनी खात्यानं कायदा मोडला असा निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली. अडीच वर्षांत संपूर्ण कार्यक्रमाचा पर्यावरणीय आढावा, सार्वजनिक सुनावण्या, आणि तोपर्यंत सव्हाना रिव्हरच्या नव्या इमारतीत अणुपदार्थ आणायचा नाही.

पेन्शनर साहेब विचारतील, सुनावणी घेऊन बॉम्ब बनवतात का? त्या खटल्यात बॉम्बचं ड्रॉइंग कुणीही मागितलेलं नाही. इमारत कुठं, कचरा कुठं, ट्रक कुठल्या रस्त्यानं, पाणी कुठलं, एवढंच.

शिवाय त्या इमारतीचाही इतिहास आहे. जादा प्लुटोनियमचं अणुभट्टीचं इंधन करायला ती बांधली होती. अब्जावधी डॉलर ओतून २०१८ ला प्रकल्प रद्द. अण्वस्त्रातलं प्लुटोनियम मोडून वीज करायची होती, आता त्याच भिंतींत अण्वस्त्रासाठी प्लुटोनियम. साउथ कॅरोलायना राज्यानं आमच्याकडचा माल न्या म्हणून भांडून २०२० ला ६० कोटी डॉलर वसूल केले.

आता आपल्याकडं या. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत संरक्षण आणि इतर सामरिक महत्त्वाच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. माहितीचा अधिकार लावावा म्हटलं तर १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात कलम १८ घातलेलं, त्याखाली काहीही गुप्त ठरवता यायचं. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेला हजारो एकर अमृतमहाल कावल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरायची गवताळ जमीन, भाभा अणुसंशोधन केंद्र, डीआरडीओ, इस्रो यांना दिली. तिथं युरेनियम समृद्धीकरणाचं केंद्र होणार. धनगरांना कळलं ते भिंत उभी राहिल्यावर. मग प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं.

---

मराठा_पेन्शनर

वकीलसाहेब, अमेरिकेच्या सीमेवर कोण आहे? कॅनडा. आपल्या कोण आहे? तिथली सुनावणी इथं परवडत नाही. चळ्ळकेरेचा नकाशा पेपरात छापून आला तेव्हा सगळ्यात खूश कोण झालं असेल, विचार करा.

---

कोर्ट_कॅम्प

नकाशा उपग्रहाला दिसतोच. दिसत नाही तो फक्त कावलीतल्या मेंढपाळाला.

---

कारवार_बाब

कैगा आमच्याकडे, काळी नदीवर. चार अणुभट्ट्या, प्रत्येकी २२० मेगावॅट. लोकांना वाटतं वीजकेंद्र म्हणजे वेगळं आणि बॉम्ब वेगळा. २००८ च्या अणुकरारात भारतानं २२ पैकी १४ भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली दिल्या आणि ८ बाहेर ठेवल्या. कैगाच्या चारही भट्ट्या त्या बाहेरच्या आठांत. तिथं काही चाललंय असं मी म्हणत नाही. फक्त, दार उघडं ठेवलं, एवढं खरं.

आणि १९९४ च्या मे महिन्यात बांधताना अणुभट्टीच्या घुमटाचा आतला थर कोसळला होता, ते आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतं. २००९ ला तर पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियमचं, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचं, पाणी मिसळलं आणि पन्नासेक कामगारांच्या लघवीच्या तपासणीत ते सापडलं. बाहेरचा शत्रू कशाला पाहिजे. आतलाच एक चिडलेला माणूस आणि एक कूलर पुरला.

---

बैलहोंगल_रस्ता

मी मूळचा त्या बाजूचा, म्हणून देशनूरचं मीच सांगतो.

अणु खनिज संचालनालयाचे लोक वर्षानुवर्षं तिथं येताहेत. कलादगी खोऱ्यातल्या बदामी गटाच्या वालुकाश्मात युरेनियम सापडलंय, त्यांच्या स्वतःच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी ते प्रसिद्ध केलंय. बोअर मारले, खडकाच्या लांब गोल कांड्या काढून पेट्यांत रांगेनं मांडल्या. शेतात मशीन उभं राहिलं की पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं पाण्याचा बोअर, माणसं कळशी घेऊन येतात. पाणी लागलं का विचारलं की ऑपरेटर हसतो आणि नाही म्हणतो. खाण अजून नाही. यादगीरच्या गोगीला मात्र खाणीची तयारी पुढं गेली होती, तिथं लोकांनी विरोध केला.

आता खरी गोष्ट. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं एक आदेश काढला. अणुखनिजं आणि महत्त्वाची खनिजं यांच्या खाणींना जनसुनावणीची गरज नाही. कारण दिलं संरक्षण आणि सामरिक गरज. म्हणजे उद्या देशनूरला खाण करायची ठरली तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर मंडप घालून, माईक धरून 'माझ्या विहिरीचं काय' असं विचारायची जी एक जागा होती, तीच गेली.

अमेरिकेत पिट बनवायच्या कारखान्यावर सुनावणी होणार आणि आमच्या विहिरीवर नाही. पेन्शनर काका, माझा भाऊही फौजेत आहे. त्याला विचारलं, तो म्हणाला सुट्टीवर आलो की सांगतो.

---

निपाणी_९१

नोटीस आलीच तरी कानडीत येणार. मराठीत द्या म्हणून अर्ज करा, मग अर्ज कुठं गेला ते विचारायला दुसरा अर्ज...

---

संपादक_मंडळ

निपाणीकर, मुद्दा रास्त आहे, पण सीमाप्रश्नाचे चाळीस धागे आहेत, इथं सुरू झाला की युरेनियम बाजूला राहील. पुढचे दोन प्रतिसाद त्याच कारणानं काढले आहेत.

---

मराठा_पेन्शनर

बैलहोंगलवाले, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

खाण आणि बॉम्बचा कारखाना यात मी फरक करतो. कारखाना कुठं, किती, कसा, हे झाकलेलं पाहिजे, यावर मी ठाम. खाण झाकता येतच नाही, ट्रक दिसतात, ढीग दिसतात. तेव्हा खाणीवर गावाला विचारायला हरकत नसावी. पण एकदा विचारलं आणि गावानं नाही म्हटलं, तर? मग युरेनियम बाहेरून घ्यायचं, आणि बाहेरून घेतलेलं करारानुसार शस्त्रासाठी वापरता येत नाही. म्हणजे हत्यारासाठी देशातलीच खाण लागणार. ह्याचं उत्तर वकीलसाहेबांनी द्यावं.

---

कोर्ट_कॅम्प

काका, हा प्रश्न तुम्ही सगळ्यात सरळ मांडला. माझं उत्तर: जनसुनावणी म्हणजे गावाचा नकाराधिकार नव्हे, आजवर कधीच नव्हता. जैतापूरला विरोध झाला तरी मंजुरी मिळालीच. सुनावणीत फक्त प्रश्न आणि उत्तर नोंदीत येतं. उद्या विहीर बिघडली तर गावाकडं एक कागद असतो की 'तेव्हा तुम्ही असं सांगितलं होतंत'. रॉकी फ्लॅट्सच्या शेजारच्या घरमालकांनी भरपाईचा खटला १९९० ला टाकला आणि २०१६ ला ३७.५ कोटी डॉलरवर मिटवला. कागद होते म्हणून सव्वीस वर्षांनी का होईना मिटला. कागदच नसेल तर पहिल्याच तारखेला फेटाळतील.

---

उद्यमबाग_ओतारी

मी मघाशी उत्पादनाच्या बाजूनं लिहिलं, ते मागं घेत नाही. खरं आमच्या फाउंड्रीला वर्षातनं एकदा प्रदूषण मंडळाचा माणूस येतोय, धुराडं बघतोय, वाळू कुठं टाकता विचारतोय. आम्ही नाकं मुरडतो, चहा देतो, तरी तो येणार म्हणून आदल्या आठवड्यात झाडून घेतो. कारखाना देशाचा असला म्हणून झाडायचं राहिलं तर चालतंय का?

बैलहोंगलवाले, तुमच्याकडं विहिरीच्या पाण्याची तपासणी कधी झाल्या काय?

---

बैलहोंगल_रस्ता

युरेनियमसाठी नाही. फ्लोराईडसाठी झाली होती.

---

खानापूरची_बाई

मग आधी तीच करून घ्या. खाण होवो न होवो, आजचा आकडा हातात असला पाहिजे, नाहीतर पुढं काही वाढलं तरी 'तुमच्या खडकात आधीपासून होतं' म्हणतील, आणि तिथल्या खडकात ते आहेच. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरला ३० मायक्रोग्रॅम ठेवलीय. नमुने उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घ्यायचे, स्वच्छ प्लास्टिक बाटलीत, काठोकाठ, बाटलीवर विहिरीचा सर्व्हे नंबर आणि तारीख. कुठल्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते ते मी कॉलेजात विचारून इथंच टाकते.

---

बैलहोंगल_रस्ता

टाका बाई. बाटल्या मी गोळा करतो.

---

शहापूर_पेठ

आमच्या नळाचंही एक सॅम्पल घ्या की. आलं तर.